मी बुवा कुणाचाच नाही!

परवा रेवदंड्याला आमच्या ओटीवर बसून मुंबईचा आतेभाऊ म्हणाला, "तुम्ही लोक पक्षसुद्धा बापाकडून घेता, रेशनकार्डासारखा. मी बुवा कुणाचाच नाही!" आई गप्प बसली. मला मात्र राहवलं नाही.

अरे बाबा, चरी आमच्याच तालुक्यातलं. तिथल्या कुळांनी १९३३ ते १९३९ खोतांची जमीन कसली नाही. हाल काढले, पण हटले नाहीत. पुढे १९४७ला शेकाप निघाला आणि आजोबांनी लाल बावटा धरला, तो काय आंधळेपणाने? कसत होते ती जमीन नावावर हवी होती त्यांना! (आजी गुपचूप काँग्रेसला मत द्यायची, ते वेगळं.)

आणि अपक्ष म्हणजे सोवळा, हे कुणी सांगितलं? ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, कागदोपत्री सगळेच अपक्ष. पण कोण कुणाचा, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

२०२२ला शिवसेना फुटली, २०२३ला राष्ट्रवादी. पुढाऱ्यांनी उड्या मारल्या, मान्य. पण त्यांना चारचौघांत जाब कोण विचारणार? ज्याने त्यांच्यासाठी उन्हात पत्रकं वाटली तोच ना?

आतेभाऊ कुणाचाच नाही, हे मात्र खरं. २० मे २०२४, सोमवार, मुंबईत मतदान होतं. साहेब शनिवारपासून इथे आमच्याकडे, मासे खायला.