बालवाडीतले कोडिंग : घाई कुणाला आहे?

२०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार हे विषय सर्व शाळांत आणले जातील, असे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्याचा अर्थ अनेक पालकांनी आपल्या परीने लावला. तिसरीत येणार असेल तर पहिलीत सुरुवात हवी, आणि पहिलीत सुरुवात हवी तर ज्युनिअर केजीत तयारी हवी. बालवाडीच्या प्रवेशाच्या जाहिरातींतही आता ‘कोडिंग’ आणि ‘रोबोटिक्स’ हे शब्द दिसू लागले आहेत. महिन्याला काही हजार फी भरणाऱ्या बापाला वाटते, हे नसले तर आपले पोर मागे पडेल.

आधी साधा हिशेब करू. जून २०२६ मध्ये ज्युनिअर केजीत बसणारे मूल तिसरीत जाईल जून २०३० मध्ये. मधल्या चार वर्षांत संगणकाशी बोलण्याची पद्धत किती बदललेली असेल, हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये कोडिंगचा उल्लेख आहे तो सहावीपासूनच्या टप्प्यासाठी. तीन ते आठ या वयोगटासाठी त्याच धोरणात खेळ, गोष्टी, गाणी, अक्षरओळख आणि अंकओळख आहे. म्हणजे घाई धोरणाला नाही. घाई बाजाराला आहे. २०२० च्या टाळेबंदीत ‘व्हाइटहॅट ज्युनिअर’च्या जाहिराती घराघरांत पोचल्या होत्या आणि सहा वर्षांच्या मुलापासून कोडिंग विकले जात होते. त्यातल्या काही जाहिराती भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या आक्षेपानंतर मागे घ्याव्या लागल्या. ते वादळ ओसरले, पण पालकांच्या मनात बसलेली धास्ती गेली नाही.

तरीही लहान मुलांना कोडिंग ही कल्पना मुळात टाकाऊ नाही. ती जवळपास साठ वर्षांची आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणक भाषा तयार केली. पॅपर्ट यांनी त्याआधी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्याबरोबर काम केले होते, त्यामुळे मूल कसे शिकते हा प्रश्न त्यांच्यासाठी यंत्रापेक्षा मोठा होता. लोगोतले ‘कासव’ पुढे जा, वळ, थांब अशा आज्ञा पाळायचे. कासव अडले की मुलाने स्वतः उठून जमिनीवर कासवासारखे चालून पाहावे, मग चूक कुठे झाली ते कळते, ही पॅपर्ट यांची पद्धत. पुढे २०१४ मध्ये पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी ‘स्क्रॅच ज्युनिअर’ आले. ते तयार करणाऱ्यांपैकी मरिना बर्स यांनी लाकडी ठोकळे जुळवून चालणारा एक रोबोही तयार केला. त्याला पडदाच नाही. ज्यांनी आयुष्य या विषयात घालवले, त्यांनी लहान वयासाठी पडदा बाजूला ठेवला, ही गोष्ट जाहिरातीत सापडत नाही.

सोलापूरकराला तर हे शिकायला परदेशात जायची गरज नाही. इथल्या चादरीवरचे मोर आणि फुले उमटतात ती जेकार्डमुळे. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवतात. मग एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोके पाडतात आणि त्या पट्ट्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढते. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तो ताणा उचलला जातो; भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. आहे किंवा नाही, एवढ्या दोनच उत्तरांतून सगळी नक्षी. फ्रान्समधील लियॉनच्या जोसेफ मारी जाकार याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही युक्ती यशस्वी केली. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी हीच भोकांची पट्टी उचलली, आणि एडा लव्हलेसने १८४३ मध्ये त्या यंत्रावरच्या टिपणांत मागाचीच उपमा दिली. आता इलेक्ट्रॉनिक जेकार्डही आले आहेत. पण पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढणाऱ्या पोराच्या डोक्यावर संगणकाचा आजा टांगलेला होता, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. मागाला एक चुकीची पट्टी लागली तर मोराची मान मोडते. दुरुस्त करायचे तर ओळ शोधावी लागते. प्रोग्रामर याहून वेगळे काय करतो?

घरातही हेच असते. ‘पंधरा ते आठ ठिपके’ एवढे सांगितले की दारातली रांगोळी कशी मांडायची ते आईला कळते. पायरीपायरीने दिलेली सूचना, तिचा क्रम, ठरावीक वेळा तीच कृती करणे आणि चूक शोधणे, या चार गोष्टी पाच वर्षांच्या मुलाला कोडिंगमधून मिळायच्या आहेत. त्या पोहे करताना मिळतात, मणी ओवताना मिळतात.

आता मेंदूकडे वळू. तीन वर्षांच्या मुलाला रंगीत चित्रांचे पत्ते देऊन रंगाप्रमाणे लावायला सांगितले तर ते नीट लावते. मग ‘आता आकाराप्रमाणे लाव’ म्हटले, की ते रंगाप्रमाणेच लावत राहते. नवा नियम त्याला तोंडाने सांगता येतो, पण हात जुना नियम सोडत नाही. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांना हा बदल जमू लागतो. कपाळामागचा मेंदूचा भाग या काळात झपाट्याने तयार होत असतो. मनातली घाई आवरणे, नियम लक्षात ठेवणे, नियम बदलला की आपणही बदलणे ही त्याची कामे, आणि पुढचे गणित, वाचन, कोडिंग या सगळ्याचा पाया हाच. तो घट्ट करणारा उत्तम खेळ फुकट आहे : ‘शिवाजी म्हणतो’. ‘शिवाजी म्हणतो, हात वर’ म्हटले तर हात वर करायचे; नुसते ‘हात वर’ म्हटले तर जागेवर राहायचे. अट पूर्ण झाली तरच कृती! संगणकाच्या भाषेत यालाच अटीची आज्ञा म्हणतात. इथे मूल ती पूर्ण शरीराने पाळते आणि चुकले की खदखदून हसते.

संशोधन काय सांगते? कोडिंग शिकण्याचा इतर कौशल्यांवर काय परिणाम होतो, यावरच्या १०५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कोडिंग शिकणारी मुले कोडिंगमध्ये पुढे गेली, यात नवल नाही. गणित आणि सर्जनशील विचारातही काही फायदा दिसला. भाषा आणि वाचनात तो सर्वांत कमी होता. तुलनेच्या गटाला त्या वेळात दुसरे काहीतरी शिकवले असेल, तर कोडिंगची आघाडी कमी व्हायची. म्हणजे फायद्याचा काही भाग चांगल्या शिक्षकाबरोबर घालवलेल्या वेळाचा आहे. इटलीत पहिलीतल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांना महिनाभर थोडे तास कोडिंग दिल्यावर नियोजन आणि संयमाच्या चाचण्यांत सुधारणा दिसली, ही चांगली बाजूही सांगायला हवी. पण ते मोजके तास होते, शिक्षकांसह होते. रोज संध्याकाळी मोबाइलवर एकट्याने सोडवलेली कोडी नव्हती.

खरा प्रश्न आहे तो कोडिंगच्या नावाने घरात शिरणाऱ्या पडद्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले, दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्याची वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी तितके चांगले. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्लाही दोन ते पाच वर्षांसाठी हाच आहे. हा तास ‘शैक्षणिक’ म्हणून वेगळा मोजायचा नसतो. सकाळी जेवताना कार्टून, दुपारी आजीच्या मोबाइलवर व्हिडिओ आणि संध्याकाळी कोडिंगचा ॲप, अशी बेरीज केली तर तास केव्हाच उलटलेला असतो.

त्यात सोलापूरची एक खास गोष्ट आहे. इथल्या कितीतरी घरांत आई तेलुगू बोलते, शेजारी कानडी किंवा उर्दू असते, रस्त्यावर मराठी आणि केजीत इंग्रजी. मुलाचा मेंदू हे सगळे पेलतो, मात्र त्यासाठी माणसांचे बोलणे भरपूर कानावर पडावे लागते. ऑस्ट्रेलियात २२० कुटुंबांतील मुलांना बोलणे टिपणारे छोटे यंत्र लावून झालेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या वयात पडद्याचा प्रत्येक जादा मिनिट म्हणजे मोठ्यांकडून ऐकू येणारे सुमारे सात शब्द कमी, असे त्यात दिसले. चार भाषांच्या गावात शब्दांची ही गळती महाग पडते. सूचना देण्यासाठी आधी भाषा लागते. ‘आधी’, ‘नंतर’, ‘जर’, ‘तोपर्यंत’ हे शब्द घरच्या भाषेत पक्के झाले नाहीत, तर कोडिंगच्या ठोकळ्यांवरची चिन्हे मुलाला नुसती रंगीत चित्रे वाटतात.

दुसरा मुद्दा डोळ्यांचा. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर उजेडात काढले. तीन वर्षांनंतर त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना जवळदृष्टिदोष आलेला होता, तर इतर शाळांत ३९.५ टक्के मुलांना. म्हणजे दूरचे न दिसण्याचा चष्मा रोखण्यात उघड्या आकाशाचा वाटा आहे. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पोरांना बाहेर सोडणे शक्य नाही, हे खरे. मग सकाळचा आणि संध्याकाळचा वेळ राखून ठेवावा लागतो. नेमका तोच संध्याकाळचा वेळ कोडिंगच्या क्लासला जातो.

तंत्रज्ञान शाळेत नकोच, असाही सूर लावण्याचे कारण नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ सोलापूर जिल्ह्यात आणला. तिथे कोड पुस्तकाला जोडला होता, पुस्तकाच्या जागी बसवला नव्हता, आणि वर्गात शिक्षक होते. बालशिक्षणाची आपली परंपराही याच वळणाची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडमध्ये बी-बिया, पाने, माती यांतून आदिवासी मुलांना शिकवले. आज पाच वर्षांच्या मुलासाठी परदेशी संस्था जे ‘संगणकाविना कोडिंग’ म्हणून मांडतात, त्यातले पुष्कळसे या बायकांच्या अंगणात बसू शकले असते.

म्हणून प्रवेश घेताना ‘तुमच्याकडे कोडिंग आहे का?’ याऐवजी दुसरे प्रश्न विचारावेत. एका वर्गात मुले किती आणि बाई किती? रोज किती वेळ मुले मैदानावर असतात? कोडिंगच्या तासाला पडदा असतो का, असल्यास किती मिनिटे आणि किती मुलांत एक? बाई मुलांशी त्यांच्या घरच्या भाषेत बोलतात का? जिथे फरशीवर चौकटी आखून एक मूल ‘रोबो’ होते आणि दुसरे त्याला ‘दोन पावले पुढे, आता वळ’ सांगते, त्या शाळेत कोडिंग असले तर हरकत नाही. या वयात समोरच्याचे डावे-उजवे अनेकांना कळत नाही, गोंधळ होईल. तो होऊ द्यावा.

आणि एक प्रश्न हमखास राहून जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. खासगी बालवाड्या त्या यादीत नसतात. त्यामुळे विडी कामगाराच्या मुलीचे डोळे अंगणवाडीत पाहिले जातात आणि कोडिंगची फी भरणाऱ्या घरातल्या मुलाचे पाहिले जात नाहीत, असे घडू शकते. एका डोळ्याला नंबर जास्त असेल तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मूल तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे भागते. हा आळशी डोळा साधारण सात वर्षांच्या आत सापडला तर चष्मा आणि पट्टीने बराच सुधारतो, पुढे अवघड होत जाते. तपासणीसाठी मुलाला अक्षरे यावी लागत नाहीत. लहान मुलांसाठी चित्रांचा तक्ता असतो, आणि एकेक डोळा झाकून ‘हे काय आहे?’ एवढेच विचारायचे असते.