आधी पाण्याचा हिशेब, मग घराचा पाया

अलिबाग तालुक्यात जमीन बघायला आलेल्या माणसाला तीन प्रश्न पडतात, आणि तिन्हींची उत्तरे एजंटच्या तोंडी तयार असतात. पाण्याचे काय? बोअर मारू. संडास-मोरीचे काय? सेप्टिक टँक बांधू. विजेचे काय? डीपी जवळच आहे, दोन पोल टाकले की मीटर बसेल. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, मुंबई आणखी जवळ आली. त्यामुळे एजंटची ही उत्तरे आता झिराड, किहीम, आवासपासून नागाव-चौलपर्यंत सर्रास ऐकू येतात.

या उत्तरांच्या मुळाशी एक समजूत आहे. सातबारावर नाव चढले की जमिनीखालचे पाणी, तिच्यात मुरणारा मैला आणि तिच्यापर्यंत येणारी तार हा आपला खासगी मामला झाला; पैसे मोजले की सोय कुंपणाच्या आत येते. ही समजूत चुकीची आहे आणि किनारपट्टीवर ती घातक आहे. पाणी, मैला आणि वीज या तीन वेगळ्या खरेद्या नाहीत. तो एकच हिशेब आहे. तो घराच्या नकाशाआधी मांडायचा असतो आणि त्यात शेजाऱ्याची विहीर धरावीच लागते. हे सिद्ध करण्याआधी समोरच्या बाजूचे मुद्दे एकेक करून तपासू.

पहिला मुद्दा पावसाचा. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या तालुक्यात पाण्याची चिंता कसली, असे विचारले जाते. पण हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि इथली जमीन तो साठवून ठेवत नाही. वरचा मुरमाचा थर भरला की खालच्या कातळात पाणी फक्त भेगाभेगांतून शिरते. बाकीचे ओढ्याने खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाते. म्हणूनच याच तालुक्यातल्या खारेपाटात एप्रिल-मेमध्ये बायाबापड्या टँकरची वाट बघत उभ्या असतात. उमटे धरणावर अनेक गावे अवलंबून आहेत आणि सांबरकुंड धरणाचे घोंगडे चार दशके भिजत पडले आहे. पाऊस भरपूर आहे हे खरे. पण पडलेला पाऊस आणि मे महिन्यात हंड्यात आलेले पाणी यांच्यामध्ये आठ कोरडे महिने आहेत. ते ओलांडायची तजवीज ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे पाणी नाही.

दुसरा मुद्दा बोअरचा: पाणी लागले नाही तर आणखी खोल जाऊ. देशावर हा जुगार पैशाचा असतो. किनाऱ्यावर तो गोड्या पाण्याचाच आहे. इथे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. सच्छिद्र, वाळूच्या जमिनीत समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी डच आणि जर्मन अभियंत्यांनी मांडलेले हे गणित उलट्या बाजूनेही तितकेच खरे आहे. उपसा करून वरची पातळी १ मीटरने उतरवली, की खालचे खारे पाणी कालांतराने ४० मीटर वर सरकू शकते. कातळात हिशेब इतका सरळ राहत नाही. तिथे एखादी भेग थेट खाडीला मिळालेली असते आणि बोअर तिथवर पोचले की खारे पाणी सुरू होते. खोल गेल्याने पाणी वाढेल ही आशा इथे उलटी फळते.

नागाव-चौलच्या वाड्यांतली एखादी जुनी विहीर नीट बघावी. तोंड रुंद, खोली बेताची. तिच्यावर रहाट चालत असे तेव्हा बैल फिरेल तेवढेच पाणी पाटाला लागे, बैल सुटला की विहिरीला उसंत मिळे आणि झरे तिला पुन्हा भरत. नारळी-पोफळी पिढ्यान्‌पिढ्या जगल्या त्या या मोजक्या उपशावर. तिच्याशेजारी एका बंगल्यासाठी पाच एचपीचा पंप तासन्‌तास चालला, तर विहिरीची पातळी उतरते आणि मे महिन्यात पाण्याला मचूळ चव येते. तोटा बोअरवाल्याचा एकट्याचा नसतो. कार्ले-खंडाळ्याचा पांढरा कांदा भाताच्या कापणीनंतर याच विहिरींच्या पाण्यावर निघतो, आणि त्याला मिळालेले भौगोलिक मानांकन खाऱ्या पाण्यापासून त्याचे रक्षण करणार नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदू नये, असे राज्याच्या १९९३ च्या कायद्याने सांगितले होते. २००९ चा भूजल कायदा ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने घालतो. भूजल कुंपण ओळखत नाही, हे कायद्यानेही मान्य केले आहे.

तिसरा मुद्दा सेप्टिक टँकचा, आणि सर्वांत मोठी फसगत इथेच आहे. टँक बांधला की मैल्याचा प्रश्न मिटला, असे सुशिक्षित माणसेही धरून चालतात. टँक मैला नाहीसा करत नाही. जड भाग खाली बसतो, थोडा कुजतो, आणि वरचे पाणी रोगजंतूंसह बाहेर पडते. ते शुद्ध होते ते शोषखड्ड्याभोवतीच्या मातीत, तीही कोरडी आणि पुरेशी असेल तर. भारतीय मानक सांगते की शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर हवा आणि भूजलाची पातळी जमिनीपासून १.८ मीटरपेक्षा खाली हवी.

आता हे मानक पाच गुंठ्यांच्या प्लॉटवर लावून बघू. पाच गुंठे म्हणजे सुमारे ५०६ चौरस मीटर. साधारण २२ मीटर बाय २३ मीटर. विहीर एका कोपऱ्यात आणि शोषखड्डा समोरच्या कोपऱ्यात घेतला तर आपल्यापुरते १८ मीटर सहज भरतात. पण तो कोपरा शेजाऱ्याच्या कुंपणाला लागलेला आहे आणि पलीकडे दोन-तीन मीटरवर त्याची विहीर असू शकते. नकाशा आपल्या हद्दीत बिनचूक असूनही आपला मैला शेजाऱ्याच्या हंड्यात उतरतो. एकामागोमाग एक असे वीस प्लॉट पडले, की विहिरी आणि शोषखड्डे यांचे अंतर कोणीच पाळू शकत नाही.

मातीचेही तेच. किहीम-आक्षीच्या पुळणीत पाणी इतके भरभर मुरते की मातीला ते गाळायला उसंतच मिळत नाही. खारेपाटाच्या चिकट मातीत ते मुरतच नाही, वर येते. एका जमिनीत मैला विहिरीत जातो, दुसऱ्या जमिनीत अंगणात; आणि कंत्राटदार दोन्हीकडे एकच टँक बांधतो. त्यात श्रावणात अनेक ठिकाणी विहिरीचे पाणी हाताने घेता येईल इतके वर आलेले असते. म्हणजे १.८ मीटरची अट वर्षातले तीन-चार महिने मोडलेलीच असते.

चौथा मुद्दा विजेचा. नवी जोडणी हा ग्राहकाचा हक्क आहे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर ग्रामीण भागात ती १५ दिवसांत द्यावी असा नियम आहे. पण हे दिवस जिथे वाहिनी जवळ आहे तिथले. जिथे नवे पोल, नवी डीपी लागते तिथे तार दुसऱ्याच्या शेतावरून, माडांमधून येते आणि लांबत गेलेल्या वाहिनीच्या टोकाला विजेचा दाब कमी होतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या किनाऱ्यावर पोल आडवे झाले, आणि काही गावांत वीज यायला आठवडे लागले. त्या दिवसांत एक गोष्ट उघड झाली: उघड्या विहिरीत पोहरा सोडता येतो, सहा इंची बोअरमध्ये येत नाही. ज्याचे पाणी पूर्णपणे पंपावर, त्याचे पाणीही विजेबरोबर गेले. वीज आणि पाणी वेगवेगळ्या वह्यांत लिहायच्या गोष्टी नाहीत, हे आणखी कसे सांगावे?

शेवटचा मुद्दा हक्काचा आहे आणि तो हलक्याने घेऊ नये. जमीन गावकऱ्यांनीच राजीखुशीने विकली, बांधकामावर गावातल्या पोरांना काम मिळते, आणि गावातल्या जुन्या घरांचे टँक तरी कुठे मानकाप्रमाणे आहेत, असे म्हणतात. यातले प्रत्येक वाक्य खरे आहे. गावठाणातल्या कितीतरी संडासांचे पाणी गटारात जाते आणि गटार खाडीत. पण यातून निघतो तो निष्कर्ष वेगळा: नियम गावकऱ्यालाही लागू करा. दोघेही चुकतात म्हणून दोघांनाही सूट, हा न्याय पाणी मानत नाही. आणि जमीन एनए (बिगरशेती) झाली म्हणजे सगळे झाले, असे मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की एनए ही जमिनीच्या वापराची परवानगी आहे. पाणी मिळेल आणि मैला जिरेल याची हमी त्या कागदावर नसते.

मग करायचे काय? घर बांधूच नये, असे माझे म्हणणे नाही. क्रम उलटा करावा, एवढेच म्हणणे आहे.

जमीन दोनदा बघावी: एकदा श्रावणात, एकदा वैशाखात. वैशाखात शेजारच्या विहिरीचे पाणी तपासायला द्यावे. क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर निघाले तर खारे पाणी जवळ आले आहे असे समजावे. श्रावणात शोषखड्ड्याच्या जागी फूटभर रुंदीचा खड्डा खणून त्यात पाणी भरावे, माती भिजू द्यावी, पुन्हा भरावे आणि पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघावे. अर्ध्या तासाहून अधिक लागला तर ती जमीन शोषखड्ड्याच्या कामाची नाही. या चाचणीला मजुरीशिवाय खर्च नाही, आणि खरेदीखतावर सही करण्याआधी ती झाली तर लाखो रुपये वाचतात.

पाण्यासाठी पहिला भरवसा छपरावर ठेवावा. १०० चौरस मीटर छपरावर दोन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे गळती-वाया धरूनही सुमारे १ लाख ६० हजार लिटर. पाच माणसांना पिण्या-रांधण्यासाठी माणशी १० लिटर धरले तर ऑक्टोबर ते मे या २४० दिवसांना १२ हजार लिटर पुरतात. म्हणजे २ मीटर लांब, २ मीटर रुंद, ३ मीटर खोल अशी झाकलेली टाकी. जलजीवन मिशनचे माणशी ५५ लिटरचे माप घेतले तर सगळ्या गरजेला ६६ हजार लिटर लागतात. १० मीटर बाय ५ मीटरचा, दीड मीटर खोल तरणतलाव ७५ हजार लिटर पितो. एका कुटुंबाच्या आठ महिन्यांच्या पाण्याहून अधिक! ज्या गावात टँकर येतो तिथे विहिरीच्या वा बोअरच्या पाण्याने तलाव भरायला परवानगी असूच नये. वापराच्या पाण्यासाठी उथळ, रुंद विहीर आणि लहान पंप घ्यावा. उरलेले पागोळ्यांचे पाणी गाळून त्याच विहिरीत सोडावे.

मैल्यासाठी संडास आणि मोरी आधी वेगळे करावेत. मोरीचे पाणी कर्दळ-अळूच्या वाफ्यातून माडाच्या आळ्यात जाऊ द्यावे. कोकणातली घरे हे करतच आली आहेत. संडासासाठी दोन खड्डे घ्यावेत, एक भरला की दुसरा वापरात. पाणी वर येणाऱ्या जागी ते जमिनीच्या वर उचलून, भोवती बारीक वाळूचा थर देऊन बांधावेत. आपल्याकडे हे काम नवे नाही. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करण्यासाठी आयुष्य वेचले. देहूत डॉ. मापुसकरांनी संडासाला बायोगॅस जोडून दाखवला. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. जिथे टँकच बांधायचा तिथे तो दोन-तीन वर्षांनी उपसायला टँकर पोचेल अशी वाट ठेवावी आणि माणूस आत उतरवू नये. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसलेला गाळ रात्री खाडीत रिता होऊ नये म्हणून तालुक्याला गाळप्रक्रियेची अधिकृत जागा हवी.

विजेसाठी महावितरणची जोडणी घ्यावीच, पण पाणी आणि दिवे तिच्या एकटीच्या भरवशावर ठेवू नयेत. ३ किलोवॉटच्या पॅनेलला सुमारे ३० चौरस मीटर छप्पर लागते, उघडीप असताना दिवसाला १२ युनिटच्या आसपास वीज मिळते आणि केंद्राच्या सूर्यघर योजनेत ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. मात्र साधे ऑनग्रिड सोलर लाइन गेली की तेही बंद पडते. म्हणून बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा. पंप अर्ध्या एचपीचा असेल तर तासाभरात दिवसाचे पाणी टाकीत चढते. पाण्याची गरज आटोक्यात ठेवली की विजेची गरजही आटोक्यात येते.

हे सगळे महाग पडते, असे म्हणतील. एका घराला ते थोडे महाग आहे खरे. पण खारी झालेली विहीर गोडी करायला लागणारा पैसा कोणाच्याच खिशात नाही, आणि वीस प्लॉटधारकांनी मिळून एक साठवण टाकी, एक मैलाप्रक्रिया आणि एक डीपी घेतली तर तो खर्च वाटला जातो. मिळून करणे या मातीला नवे नाही. खारेपाटातली शेती उभी आहे ती गावाने मिळून राखलेल्या बांधांवर. एका ठिकाणी खांड गेली की खारे पाणी सगळ्यांच्या भातात शिरते, म्हणून बांध कोणाच्या शेताजवळ फुटला हे विचारत कोणी बसत नाही. याच खारेपाटात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप केला. त्या जमिनीखालचे पाणी ज्याची ऐपत मोठी त्याने उपसून न्यावे, हे त्या लढ्याच्या वारसांनी मान्य करू नये.

म्हणून मागणी ग्रामसभेकडे आहे. मे महिन्याचा पाण्याचा अहवाल, श्रावणातली मुरण्याची चाचणी, आणि शेजारच्या सगळ्या विहिरी व शोषखड्डे दाखवणारा नकाशा, हे तीन कागद जोडल्याशिवाय पंचायतीने कोणत्याही नव्या घराला ना-हरकत देऊ नये. घर मुंबईकराचे असो की सरपंचाचे. तसा ठराव येत्या ग्रामसभेत करता येतो. किनाऱ्यावरच्या गोड्या पाण्याचा हा थर पातळ आहे, तो सगळ्यांचा मिळून एकच आहे, आणि तो राखणे हीच या तालुक्यात घर बांधण्याची पहिली अट असली पाहिजे.