एका नोंदीवर ताळेबंद नाही

गरोदरपणातील एचआयव्हीची झटपट चाचणी ‘रिअॅक्टिव्ह’ आली की घरावर वीज कोसळते. सुनेकडे संशयाने पाहिले जाते. परंतु एकाच नोंदीवरून ताळेबंद मांडता येत नाही. समजा, 1000 गर्भवतींपैकी 2 खरोखर बाधित आहेत आणि निरोगी असूनही 5 जणींची चाचणी चुकून रिअॅक्टिव्ह आली. तर 7 पैकी 5 निकाल निराधार ठरतात. म्हणूनच शासकीय आयसीटीसी केंद्रात 3 वेगवेगळ्या चाचण्यांनंतरच निदान निश्चित होते. तेही विनामूल्य व गोपनीय. निदान खरे ठरले, तरी वेळीच सुरू केलेल्या औषधोपचाराने बाळाची लागण बहुतांशी टळते. अंतिम अहवाल येईपर्यंत कुटुंबाने धीर धरावा, आणि सुनेचा हातही.