नळी काढणं आणि सुई टोचणं

संपादक महोदय,

व्हेंटिलेटर काढणं आणि मरणाचं इंजेक्शन देणं यात फरक मानणं हा ढोंगीपणा आहे, असं आपल्या रविवारच्या लेखात म्हटलं आहे. मला ते पटलं नाही.

युक्तिवाद जुनाच आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ जेम्स रेचेल्स यांनी 1975 मध्ये तो मांडला. वारशासाठी एकजण लहान चुलतभावाला टबात बुडवतो. दुसराही त्याच बेताने जातो, पण पोर आपणच घसरून बुडतं आणि हा बघत उभा राहतो. दोघे सारखेच नीच, मान्य. पण मनात पाप दोघांच्याही होतं. आयसीयूबाहेर बाकड्यावर रात्र काढणाऱ्याला हा टब लागू कसा?

न्यू जर्सीच्या कॅरेन क्विन्लनचं श्वासयंत्र 1976 मध्ये कोर्टाच्या परवानगीने काढलं. ती आता जाणार असंच धरलेलं. ती स्वतः श्वास घेऊ लागली आणि 1985 पर्यंत जगली, बेशुद्धच. ते जगणं कसलं, हा वाद वेगळा. पण नळी काढताना माणसाचा अंदाज चुकायला जागा उरते. सुईनंतर उरत नाही.

आपल्याकडे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाची वाट मोकळी केली, पण वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबागसाठीची याचिका फेटाळली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या ज्या परिचारिका 1973 पासून तिचं सगळं करत होत्या, त्यांना ती जगायला हवी होती. शब्द चालला तो उशाशी बसणाऱ्यांचा.

ढोंग आहे, पण दुसरीकडे. गेल्या वर्षी वडिलांची आशा संपली, तेव्हा रुग्णालयाने आमच्यापुढे ‘सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत’ असा छापील कागद सरकवला. अँब्युलन्समधला पोरगा वाटभर श्वास देणारी अंबू बॅग दाबत आला. बाहेरच्या खोलीत, चपला न काढता, त्यानेच नळी ओढली आणि विचारलं, “ताई, पावती कुणाच्या नावाने?” बाबा पुढे सहा तास धापा टाकत होते. धाप कमी करणारं औषध द्यायला जवळ डॉक्टर नव्हता. याला मरू देणं म्हणत नाहीत, टाकून देणं म्हणतात.

खरं तर 2023 पासून रुग्णालयातच नळी काढण्याचे नियम सोपे आहेत: तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं, मत शक्यतो 48 तासांत. आमच्या जिल्ह्यातल्या किती रुग्णालयांत असं मंडळ एकदा तरी बसलं, हे आपल्या वार्ताहराने जाऊन विचारावं.

– एक वाचक, सातारा