पराक्रमी नायिका आणि निर्मात्यांचा ताळेबंद

अमेरिकेतील मार्व्हल या कॉमिक्स-व्यवसायाचे तत्कालीन प्रमुख आयझॅक पर्लमटर यांनी २०१४ साली सोनी कंपनीच्या प्रमुखांना एक ई-मेल पाठविला होता. सोनीच्या संगणकांतून चोरीस गेलेल्या कागदपत्रांबरोबर तो पुढे जगजाहीर झाला. त्यात फारसे काही नव्हते. तीन चित्रपटांची नावे आणि त्यांनी तिकीटबारीवर कसा मार खाल्ला याची नोंद, एवढेच. 'सुपरगर्ल' (१९८४), 'कॅटवूमन' (२००४) आणि 'इलेक्ट्रा' (२००५). तिन्ही चित्रकथांमधून आलेले, तिन्हींच्या केंद्रस्थानी स्त्री. निष्कर्ष लिहून काढण्याची गरज पत्रलेखकाला वाटली नसावी. आकडे पुढे ठेवले की बेरीज वाचणाऱ्याने करावयाची, हा व्यापारी शिरस्ताच आहे.

ही बेरीज चुकीची आहे, आणि ती कशी चुकते हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण याच बेरजेच्या आधाराने कोट्यवधी मुलामुलींनी पडद्यावर कोणाला पाहावे आणि कोणाला पाहू नये, याचा निर्णय वर्षानुवर्षे होत आला. १९९७ साली 'बॅटमॅन अँड रॉबिन' या चित्रपटाची समीक्षकांनी यथेच्छ टर उडविली. परंतु त्यावरून पुरुष नायक चालत नाहीत असे कोणी म्हटले नाही. दिग्दर्शक बदलला, नट बदलला आणि २००५ साली बॅटमॅन पुन्हा नव्या थाटात उभा राहिला. २०११ चा 'ग्रीन लँटर्न' आपटला, तेव्हा त्याचा नायक रायन रेनॉल्ड्स याला २०१६ मध्ये 'डेडपूल' मिळाला. पुरुष पडला तर तो चित्रपट पडतो. स्त्री पडली तर सगळी स्त्रीजात पडते, असा हा न्याय.

पण हा झाला हिशेबातला पक्षपात. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. जे चित्रपट पडले, त्यांत नायिकेला करावयास दिले होते काय? 'कॅटवूमन'चेच पाहा. सुमारे १० कोटी डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटातील नायिका कॉमिक्समधली सेलिना काइल नव्हेच. तिच्या जागी सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत काम करणारी एक नवीच बाई निर्माण करण्यात आली होती. आणि तिचा महासंग्राम कशासाठी, तर चेहऱ्याला लावावयाच्या एका घातक क्रीमसाठी! बॅटमॅनने एखादे शहर वाचवावे आणि कॅटवूमनने क्रीमची बाटली रोखावी, असे ज्यांना वाटले त्यांनी नंतर प्रेक्षकाला दोष द्यावा, ही मोठी मौज आहे. नायिकेचे बळ आधी काढून घ्यावयाचे आणि मग बळ असलेली नायिका लोकांना नको असते असे म्हणावयाचे, ही या धंद्याची जुनीच खोड आहे.

ती किती जुनी आहे, हे वंडर वूमनच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १९४१ साली विल्यम मोल्टन मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने ही व्यक्तिरेखा निर्माण केली आणि हॅरी पीटर या चित्रकाराने तिला रूप दिले. रक्तदाबावरून खोटे ओळखण्याच्या पद्धतीवर मार्स्टन यांनी संशोधन केले होते. त्यांच्या नायिकेच्या हाती सत्य वदविणारा दोर असावा, हा योगायोग खासच नव्हे. प्रारंभीच्या कथांत या नायिकेला वारंवार साखळदंडांनी जखडलेले दाखविले जाई. त्याबद्दल त्या काळीही आक्षेप घेतले गेले, आणि मार्स्टन हे सरळ साधे गृहस्थ होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती साखळी नायिका स्वतः तोडते, हे त्यांनी कधी विसरू दिले नाही.

मार्स्टन १९४७ मध्ये वारले. १९६८ साली प्रकाशकांनी या नायिकेची दैवी शक्ती काढून घेतली, तो सुप्रसिद्ध पोशाख काढला आणि तिला कपड्यांचे दुकान थाटून दिले! आधुनिक स्त्री दाखवावी, हा त्यामागचा हेतू वाईट नव्हता. मात्र नायिकेला आधुनिक करावयाचे म्हणजे आधी तिला दुबळी करावयाचे, हे कोणी ठरविले? सुपरमॅनला आधुनिक करण्यासाठी कोणी त्याला किराणा दुकान काढून दिल्याचे ऐकिवात नाही. अखेर १९७२ साली ग्लोरिया स्टायनेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मिज' या स्त्रीवादी मासिकाच्या पहिल्या नियमित अंकाच्या मुखपृष्ठावर वंडर वूमनला जुन्या वेषात उभी केली, आणि पुढच्याच वर्षी चित्रकथेत तिची शक्ती तिला परत मिळाली.

दूरचित्रवाणीने हाच धडा पुन्हा गिरविला. १९७४ साली अमेरिकेच्या एबीसी वाहिनीने वंडर वूमनवर एक चित्रपट दाखविला. कॅथी ली क्रॉस्बी या नटीने साकारलेली ही नायिका अमानवी शक्ती नसलेली, जवळजवळ एखाद्या गुप्तहेरासारखी होती. लोकांना ती फारशी भावली नाही. त्याच वाहिनीने १९७५ च्या नोव्हेंबरात लिंडा कार्टर हिला घेऊन दुसरा प्रयत्न केला. या वेळी मूळ चित्रकथेचा दुसऱ्या महायुद्धाचा काळ, तोच वेष, तोच दोर. या दुसऱ्या प्रयत्नातून उभी राहिलेली मालिका, मध्ये वाहिनी बदलून का होईना, १९७९ पर्यंत चालली. वाहिनी तीच, नायिका तीच, प्रेक्षक तोच, आणि मध्ये वीस महिन्यांचे अंतर. फरक एवढाच की दुसऱ्या खेपेस निर्मात्यांनी नायिकेवर विश्वास टाकला.

प्रेक्षकाला बलवान स्त्री पचत नाही, हे तर मुंबईच्या वाचकाला कोणी सांगूच नये. वंडर वूमन जन्मण्याच्या सहा वर्षे आधी, १९३५ साली, वाडिया मूव्हीटोनच्या 'हंटरवाली'त नादियाने तोंडावर मुखवटा चढवून, हातात चाबूक घेऊन बदमाशांना लोळविले होते आणि पिटातल्या प्रेक्षकाने तिला डोक्यावर घेतले होते.

तरीही वंडर वूमनला स्वतःच्या नावाचा चित्रपट मिळावयास २०१७ उजाडले. दिग्दर्शिका पॅटी जेन्किन्स यांचा आधीचा चित्रपट 'मॉन्स्टर' २००३ सालचा. त्यातील भूमिकेसाठी शार्लीझ थेरॉन यांना ऑस्कर मिळाले, पण जेन्किन्स यांना पुढच्या चित्रपटासाठी चौदा वर्षे थांबावे लागले. ताळेबंदाचा जाच केवळ पडद्यावरच्या स्त्रीला होत नाही, तो असा. सुमारे १५ कोटी डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाने जगभरात ८२ कोटींहून अधिक गल्ला जमविला. त्यातील ज्या प्रसंगाची सर्वाधिक वाखाणणी झाली, त्यात खलनायकाचा मागमूसही नाही. पहिल्या महायुद्धातील बेल्जियमची आघाडी; दोन खंदकांमधला निर्मनुष्य पट्टा; पलीकडे उपासमारीने गांजलेले एक गाव. तो पट्टा कोणालाच ओलांडता येणार नाही, असे सोबतचे पुरुष सांगतात. डायना शिडी चढून वर येते आणि गोळ्या ढालीवर झेलीत चालू लागते. शत्रूला ठार मारण्यासाठी नव्हे, तर त्या गावासाठी. या चित्रपटाचा शेवट मात्र स्फोटांच्या गदारोळात नेहमीच्याच वळणावर जातो, हेही सांगितले पाहिजे.

'सबल' या शब्दाचा अर्थ केवळ दंडातली ताकद असा घेतला तर काय हरवते, हे दूरचित्रवाणीनेच अधिक चांगले दाखविले आहे. २०१५ च्या 'जेसिका जोन्स' मालिकेतील नायिका मोटार उचलू शकते. परंतु दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेणाऱ्या एका पुरुषाने तिच्या इच्छाशक्तीवरच घाला घातला होता, आणि तेरा भागांची ही कथा आहे त्यातून सावरण्याची. दोन तासांच्या चित्रपटात एवढी उसंत मिळती ना. २०२२ च्या 'मिस मार्व्हल'मधील कमला खान ही अमेरिकेत वाढलेली पाकिस्तानी घरातली मुलगी. तिच्या शक्तीचा उगम शोधता शोधता कथा १९४७ च्या फाळणीतील आगगाडीपर्यंत जाते. तिच्या आईवडिलांच्या भूमिका झेनोबिया श्रॉफ आणि मोहन कपूर या आपल्याकडच्या कलावंतांनी केल्या आहेत. तिथे नायिकेला आई आहे, आजी आहे, मशीद आहे, घरातले खटके आहेत, आणि म्हणूनच तिच्या उड्डाणाला जमीन आहे.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. २०१६ च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांनी वंडर वूमनला स्त्रियांच्या सक्षमीकरणाची मानद दूत नेमले. तोकड्या वेषातील एका काल्पनिक बाईला हा मान का, असा प्रश्न तेथील कर्मचाऱ्यांनीच उपस्थित केला आणि डिसेंबरमध्ये ते दूतपद संपुष्टात आले. आक्षेप रास्त होता. जिवंत स्त्रियांच्या जागी कागदावरची स्त्री बसविणे हा कामचुकारपणाच होय. मात्र चित्रकथेतील नायिकेला पडद्यावर जागा देणे आणि तिला राजदूत करणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर तिने कोणाचे प्रतिनिधित्व करावे अशी अट नाही. तिची गोष्ट नीट सांगितली जावी, इतकेच मागणे आहे.

२०२३ साली दोन मोठे चित्रपट पाठोपाठ कोसळले. पुरुष नायकाचा 'द फ्लॅश' आणि तीन नायिकांचा 'द मार्व्हल्स'. दोहोंचा खर्च २० कोटी डॉलरच्या वर, दोहोंची कमाई त्या मानाने अगदीच तुटपुंजी. पहिल्याच्या बाबतीत चर्चा झाली ती पटकथेची, संगणकी दृश्यांची आणि प्रमुख नटाच्या वर्तनाची. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र नायिकाप्रधान चित्रपट लोकांना हवेत की नकोत, हा प्रश्न पुन्हा उकरून काढण्यात आला. त्या तिघींपैकी कॅप्टन मार्व्हल हिच्याच २०१९ च्या चित्रपटाने ११० कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली होती, ही नोंद त्या चर्चेत फारशी कोणाला आठवली नाही.