मोबाइल, मोर्चा आणि सरकारी हुकूम



भाताची रोपं आणि खताची मात्रा आज बाजूला ठेवू. तुमच्या खिशातल्या मोबाइलबद्दल बोलायचं आहे.

आपल्या पनवेल-उरणला मोर्चा नवा नाही. सिडकोनं घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. तेव्हा निरोप फिरे तो माणसांच्या पायांनी. विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून १० जून २०२१ ला मानवी साखळी झाली, २४ जूनला सिडको भवनावर मोर्चा गेला, तोवर निरोप व्हॉट्सॲपवर आले होते. घरबसल्या गावच्या गाव कळतं, ही सोय मोठीच.

पण बरं का, पायांचा निरोप अडवायला रस्ते अडवावे लागत. मोबाइलचा निरोप एका हुकमानं थांबतो. जानेवारी २०२१ मध्ये शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले होते तेव्हा सिंघू, टिकरी, गाझीपूर इथलं इंटरनेट बंद केलं गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये हरियाणाच्या सात जिल्ह्यांत तेच झालं. लांब कशाला, त्याच महिन्यात मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगरात इंटरनेट बंद होतं.

सरकार म्हणतं, अफवा पसरू नयेत म्हणून. अफवेनं गाव पेटतं हे खरंच. पण अफवेबरोबर खरी बातमीही अडते, आणि मोर्चाला न गेलेला शेतकरीही अडकतो. बाजारभाव कळत नाही, हवामानाचा इशारा येत नाही, खताच्या दुकानात फोनवरून पैसे देता येत नाहीत. एवढी शिक्षा सगळ्यांना का, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं आहे, की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येत नाही आणि तसा हुकूम जाहीर करावा लागतो. तेव्हा हुकूम कुणाचा, किती दिवसांचा, हे तहसील कचेरीत विचारायला लाजू नका.

आणखी एक. चालू असलेला फोन कोणत्या टॉवरजवळ होता याची नोंद कंपनीकडे राहते आणि पोलीस ती कायद्यानं मागवू शकतात. शांतपणे मोर्चाला जाणाऱ्यानं घाबरू नये, पण माहीत असावं. खात्री नसलेली चित्रफीत मात्र पुढं धाडूच नका. ती कुणी पाठवली हे शोधून निघतं.

घरात एवढं करून ठेवा: सातबारा आणि बँक पासबुकाची कागदी प्रत, आठवडाभर पुरेल एवढी रोख आणि एका वहीत नातेवाइकांचे, दवाखान्याचे, गुरांच्या डॉक्टरांचे नंबर. इंटरनेट बंद असलं तरी साधा फोन बहुतेक वेळा लागतो, पण फोनची बॅटरी संपली तर नंबर पाठ कुणाला असतात? वही मांडणीवर ठेवा, पोरांच्या हाती लागणार नाही अशी.