तट गेला, दोन दरवाजे तरी राहोत

हैदराबादच्या जुन्या शहराला एके काळी चहूबाजूंनी दगडी तट होता, हे कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या आमच्या मुलांना आता सांगावे लागते. शहर वसले १५९१ मध्ये. तटाचे काम मात्र मोगल सुभेदार मुबारिजखानाने काढले आणि १७२४ मध्ये बुलढाण्याकडील साखरखेर्ड्याच्या लढाईत तो निजामाविरुद्ध लढताना पडला. त्या लढाईत बाजीराव पेशव्यांची फौज निजामाच्या बाजूने होती. अर्धवट राहिलेला तट पुढे निजामाने पुरा केला. घेर सुमारे ६ मैल, मोठे दरवाजे १३, शिवाय ये-जा करण्यासाठी लहान खिडक्या.

आज त्यांपैकी पुराना पूल आणि दबीरपुरा हे दोनच दरवाजे उभे आहेत. १९०८ च्या मुसीच्या महापुराने तटाचे मोठे नुकसान केले. उरलेले काम रस्तारुंदी आणि घरबांधणीने केले. लाल दरवाजा, फतेह दरवाजा ही नावे फक्त मोहल्ल्यांना उरली.

‘तट निजामाचा, मग मराठी माणसाला त्याचे काय?’ असे आपल्यातलेच काही जण विचारतात. निजामी राजवटीत वाडवडिलांनी काय सोसले हे आम्ही विसरलेलो नाही. पण राजवट १९४८ मध्ये संपली, दगड प्रजेचे झाले. ज्या शहरात १९०७ मध्ये आपल्या लोकांनी विवेकवर्धिनीसारखी संस्था उभी केली, ते शहर आपलेही आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याचे पाहा. आतले महाल १८२८ च्या आगीत जळाले. राहिला तो तट आणि दिल्ली दरवाजा. तेवढ्यावर पुणेकर आजही आपला इतिहास मुलांना दाखवतात. १९१९ मध्ये त्याची संरक्षित स्मारक म्हणून नोंद झाली, हे त्याच्या कामी आले.

बँकेत आम्ही रोज पाहतो, जी वस्तू रजिस्टरात नाही, तिचा हिशेब कोणी विचारत नाही. वारशाचेही तेच. वारसा वास्तूंना संरक्षण देणारा शहर नियोजनातील १३ क्रमांकाचा नियम राज्य सरकारने २०१५ मध्ये रद्द केला. २०१७ मध्ये नवा वारसा कायदा आला. २०१९ मध्ये एर्रममंझिल पाडून विधानसभा बांधण्याचा सरकारचा निर्णय उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. नागरिक न्यायालयात गेले म्हणूनच हे घडले. घरी बसून हळहळणाऱ्यांमुळे एकही वास्तू वाचलेली नाही.

म्हणून आमची मंडळाला तीन कामांची सूचना आहे. पहिले, या दोन दरवाजांची २०१७ च्या कायद्याखाली काय नोंद आहे, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे. दुसरे, दरवाजांवरील झाडे-झुडपे काढावीत, कमानीला टेकलेल्या टपऱ्यांना जवळच पर्यायी जागा द्यावी आणि तेलुगू, उर्दू, मराठी व इंग्रजीत माहितीफलक लावावा, असे निवेदन महानगरपालिकेला द्यावे. तिसरे, निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला हा प्रश्न विचारावा.

वर्गणी मागण्याची ही वेळ नाही, सह्या मागण्याची आहे. निवेदनावर पहिल्या सह्या जुन्या मराठी घरांच्या असाव्यात, एवढीच आमची विनंती.